चौकशी आणि विचारपूस

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्ण साहाय्य समितीच्या ज्येष्ठ सदस्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषयही आपणच सुचविलात : अस्वस्थ काळात शहाणपणाने आणि सदाचाराने कसे जगावे. पत्र हाती आले तेव्हा प्रथम वाटले की, पाकिटावरचा पत्ता चुकला असावा. असे विषय कीर्तनकारांना किंवा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना शोभतात. माझे आयुष्य एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेले आणि निवृत्तीनंतरची वर्षे या रुग्णालयात मदतीचे अर्ज तपासण्यात जात आहेत. टेबल तेवढे बदलले. तेव्हा जगाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. त्या एका टेबलाविषयी मात्र मी थोडेफार सांगू शकेन, आणि जगात जे अस्वस्थ म्हणून आहे ते पुष्कळसे त्या टेबलापाशी येऊन बसते, असा माझा अनुभव आहे.

बिल विभागाच्या शेजारची ती लहान खोली आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. नातेवाईक मंडळींनी तर निश्चितच पाहिली आहे. आठवड्यातून दोनदा तेथे आमची समिती बसते. एक डॉक्टर, एक वैद्यकीय समाजसेविका आणि मी. आमच्या कामाचा बराचसा भाग कायद्याने आखून दिलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून बाजूला काढायची असते. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहून तेथे निर्णय होतो. याखेरीज आपणासारख्यांच्या देणग्यांतून उभा राहिलेला संस्थेचा स्वतःचा साहाय्य निधी आहे. पहिल्या ठिकाणी नियम बोलतात. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला बोलावे लागते. माझ्या हातून जे बरेवाईट घडले, ते या दुसऱ्या ठिकाणी.

पुढे २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि अनेक मोठ्या शस्त्रक्रियांचा भार कुटुंबांच्या खांद्यांवरून उतरला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तरीही खोलीबाहेरचे बाक रिकामे झालेले नाही. योजनेच्या यादीत नसलेले उपचार असतात, महागडी औषधे असतात, ज्यांचे कागद वेळेत होऊ शकले नाहीत अशी माणसे असतात. ती आमच्यासमोर येतात, आणि आम्हाला अर्ध्या तासात ठरवायचे असते की, समोरचा माणूस खरे बोलतो आहे की नाही.

मी समितीवर आलो त्याला वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज घेऊन आले. अंगात विरलेला सदरा, पायात झिजलेल्या स्लिपर, हातात नीट लावलेली कागदपत्रे. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. माझाही आला. आम्ही संपूर्ण बिल माफ केले, आणि त्या रात्री मी फार समाधानाने जेवलो. दोन-अडीच महिन्यांनी एका परिचितांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मांडव, खुर्च्या, दिव्यांची रोषणाई, सारेच देखणे होते. यजमानांनी मोठ्या कौतुकाने मंडपवाल्यांची ओळख करून दिली. बोटांत तीन अंगठ्या घातलेले तेच गृहस्थ. त्यांनी मला ओळखले नाही, किंवा ओळखले नसल्याचे दाखविले. मी मात्र पंगतीत बसून घास मोजत राहिलो.

हा विनोदी प्रसंग आहे, आणि आज मलाही त्याचे हसू येते. तेव्हा आले नव्हते. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांची मी राखण करीत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पैसा चोरीला गेला होता, असे मला वाटले. मी मनाशी ठरविले की, यापुढे डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहायचे नाही. बँकेतली जुनी सवय जागी झाली. मी प्रश्न विचारू लागलो. घर स्वतःचे की भाड्याचे? घरात दूरचित्रवाणी संच आहे का? भाऊ काय करतो? मुलीच्या लग्नात किती खर्च केलात? सहकारी थोडे अस्वस्थ होत. पण निधीची बचत होत होती, आणि वार्षिक सभेत हिशोब मांडताना मला त्याचा अभिमानही वाटत होता. सभ्यपणाने वागणारा माणूस हळूहळू कठोर होऊ लागतो तेव्हा त्याला ते कळत नाही. त्याला वाटते, आपण आता शहाणे झालो.

अशा मनःस्थितीत २००८ सालच्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातील एक शेतकरी माझ्यासमोर आले. पत्नीच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टर मंडळींना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. दाटीवाटीच्या घरात, औषधाविना ते दुखणे अंगावर काढले जाते. आणि तोच संधिवाताचा ताप पुढे हृदयाच्या झडपा निकामी करून ठेवतो. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हे बहुतांशी टळू शकते. म्हणजे त्या बाईंचे दुखणे स्वतःच गरिबीचा दाखला होते. माझ्याजवळ डॉक्टर बसले होते. पण मी त्यांना काही विचारले नाही, कारण माझे लक्ष दुसरीकडे होते. अर्जदारांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शुभ्र सदरा होता आणि मनगटावर सोनेरी पट्ट्याचे घड्याळ होते.

त्यांच्याजवळ तलाठ्याचा दाखला होता, तहसीलदारांचा नव्हता. शिधापत्रिका केशरी होती. मी विचारले, "घड्याळ केवढ्याचं?" ते काहीच बोलले नाहीत. खाली पाहून त्यांनी सदऱ्याची बाही पुढे ओढली. मला वाटले, सापडला. समाजसेविकाबाई म्हणाल्या, "आपण उद्या पुन्हा बोलू या का यांच्याशी?" मी म्हटले, कागद अपुरे आहेत, कागदाप्रमाणे जे बसते ते देऊ. बिल सव्वा लाखाच्या घरात जाणार होते. आम्ही चतुर्थांश सवलत दिली. त्यांनी हात जोडले आणि उरलेली रक्कम भरण्याच्या हमीवर सही केली. आठवड्याभरात त्यांनी पैसे आणून भरले. माझा निष्कर्ष बरोबर ठरल्यासारखे मला वाटले. पैसे होते म्हणून तर भरले!

यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि त्यांची मात्रा योग्य आहे ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्ताची आयएनआर तपासणी करावी लागते. त्यासाठी ते दांपत्य येत असे. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एका माणसाने मला रामराम घातला. मी ओळखले नाही. मळकट बंडी, उघडे मनगट. त्यांनीच ओळख दिली आणि खांद्यावरच्या पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून पुढे केल्या. वॉर्डातल्या सिस्टरांसाठी आणल्या होत्या, त्यातल्या मूठभर मला. माझ्या तोंडून अनवधानाने निघून गेले, "आणि घड्याळ?"

"मेव्हण्याचं होतं ते, साहेब," ते म्हणाले. "सदरा शेजाऱ्याचा. मोठ्या दवाखान्यात जायचं, जरा बरं दिसावं म्हणून दिलं त्यांनी."

मग बिल कसे भरलेत, असे मी विचारले. बैलजोडी विकली होती. मृग आठ दिवसांवर आलेला असताना. दुसऱ्यांचे बैल मोकळे होतील तेव्हा त्यांची पेरणी झाली. एवढे सांगून ते म्हणाले, "उशीर झाला, पण झाली." त्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपे गेले असते.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, चौकशी आणि विचारपूस. कोशात पाहिले तर अर्थ फारसे दूर नाहीत. पण चौकशी आपण संशयिताची करतो आणि विचारपूस आजाऱ्याची, पाहुण्याची, लांबून आलेल्या माणसाची. त्या दिवशी मी चौकशी केली होती. त्यांना साधे "कसे आलात?" असे विचारले असते, तर "एसटीने, मेव्हण्याकडून भाड्याचे पैसे घेऊन" असे उत्तर आले असते आणि घड्याळाचाही उलगडा झाला असता. म्हणजे केवळ चांगुलपणा कमी पडला असे नव्हे. मला हवी असलेली माहितीदेखील चौकशीने मिळाली नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे, आणि आपण दिलेल्या विषयातले शहाणपण आणि सदाचार हे दोन शब्द मला त्या खोलीत तरी वेगळे काढता आलेले नाहीत.

याचा अर्थ असा घेऊ नये की, कोणी मागावे आणि आम्ही द्यावे. पैसा आमचा नाही. येथे बसलेल्या काही देणगीदारांना मी व्यक्तिशः ओळखतो. निवृत्तिवेतनातून दरमहा ठरावीक रक्कम पाठविणाऱ्या शिक्षिका आहेत. पत्नीच्या स्मरणार्थ एक खाट चालविणारे गृहस्थ आहेत. त्यांचा रुपया मंडपवाल्याच्या तिसऱ्या अंगठीत जाऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी आमची आहे. विचारलेच पाहिजे. पण मंडपवाल्याने मला फसविल्याची किंमत बैलजोडीच्या धन्याने चुकविली, हे माझ्या मनातून जात नाही. एकाने फसवायचे आणि आपण दुसऱ्याला शिक्षा करायची, असा हा व्यवहार. आजच्या अस्वस्थ काळाविषयी आपण जे म्हणतो, त्यातले पुष्कळसे असेच आहे असे मला वाटते. जो तो आधीच्या कोणाचा तरी राग पुढच्या कोणावर तरी काढीत आहे.

यातून बाहेर पडायला मला मदत झाली ती माझ्या जुन्या धंद्याची. बँकेत आम्ही कर्जांचे वर्गीकरण करीत असू. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर ही पद्धत काटेकोरपणे आली. कोणती कर्जे व्यवस्थित, कोणती संशयित, कोणती बुडीत, हे ठरवायचे आणि त्यांच्यासाठी नफ्यातून आधीच तरतूद करायची. व्यवस्थित चाललेल्या कर्जांसाठीदेखील थोडी तरतूद ठेवावी लागते. कारण त्यांतले एखादे उद्या बुडणार, हे गृहीतच धरलेले असते. त्याबद्दल कोणी शाखाधिकारी छाती पिटत नाही. उलट, ज्या शाखेचे एकही कर्ज कधी बुडाले नाही ती शाखा गरजू माणसाला दारातच उभे करीत नसावी, असे आमचे एक वरिष्ठ म्हणत. मला प्रश्न पडला की, कर्ज देताना मी एवढा समंजस होतो, तर दान देताना एवढा कंजूष का झालो? फसवणुकीची तरतूद दानाच्या हिशोबातही असायला हवी. तेव्हापासून मनाच्या खतावणीत ती मी दरवर्षी मांडतो. मंडपवाले येतील. अधूनमधून ते जिंकतीलही. शिवाय दोन्ही चुकांचे वजन सारखे नसते. अपात्र माणसाला दिले तर पैसे जातात. पात्र माणसाला नाकारले तर बैल जातात, शेत जाते, कधी माणूसच जातो.

एक ऐतिहासिक प्रसंग मला या संदर्भात वारंवार आठवतो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि थोड्याच काळात ती साथ पुण्याला पोहोचली. १८९७ साली पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखाली प्लेगविरोधी मोहीम सुरू झाली. सैनिक घराघरांत शिरले. रुग्ण लपविला आहे का, याची झडती घेऊ लागले. देवघरे, माजघरे तपासली गेली. सामानाची मोडतोड, जाळपोळ झाली. रुग्णांना वेगळे ठेवावे, हा मूळ हेतू वैद्यकीय दृष्ट्या चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु लोकांना ती आपली विटंबना वाटली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. आणखी एक गोष्ट मात्र शाळेत फारशी सांगत नाहीत. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि तेही सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या अधिकाराने दारे ठोठावली जात होती, त्या अधिकाराजवळ रोगाचे पुरते ज्ञानही नव्हते. खात्री मात्र पुरती होती. सोनेरी पट्ट्याच्या घड्याळाविषयी माझी होती तशी.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, आणखी कोणीतरी प्लेगचे रुग्ण शोधत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव. शहराबाहेर यशवंतरावांनी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई तेथे रुग्णांना घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्या संसर्गातूनच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. रुग्ण घरातून बाहेर काढायचा, वेगळा ठेवायचा, उपचार करायचे, हे काम दोन्हीकडे तेच होते. सैनिक आल्यावर लोक रुग्णाला लपवीत होते. सावित्रीबाईंपासून कोणी रुग्ण लपवून ठेवल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण जाणताच. सत्पात्री दान हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला आहे, आणि आम्ही समितीवाले त्याचा आधार वरचेवर घेतो. मीही घेत असे. घड्याळाच्या प्रसंगानंतर तो भाग पुन्हा काढून वाचला. तामस दानाची लक्षणे सांगताना अपात्र माणसाला दिलेले दान तेथे आहेच; पण त्याच श्लोकात, त्याच्याच पंक्तीला, अनादराने आणि अवहेलना करून दिलेले दानही बसविले आहे. चतुर्थांश सवलत मी दिली होती ती याच जातीची. श्लोकातला एक शब्द आम्ही भिंतीवर लावला होता आणि दुसरा वाचलाच नव्हता.

राजस दानाविषयी थोडे बोललो तर देणगीदारांनी राग मानू नये. आपल्या अहवालाचे जुने अंक चाळले तर रुग्णाला धनादेश देतानाची छायाचित्रे दिसतील. मधोमध देणगीदार, एका बाजूला आम्ही पदाधिकारी, सर्वांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. आणि रुग्णाची किंवा त्याच्या आईची नजर जमिनीकडे. त्यातली काही छायाचित्रे मीच आग्रहाने काढवून घेतली आहेत. एकदा एका मुलाच्या आईने संकोचून विचारले, "हा फोटो आमच्या गावाकडं येईल का?" तिच्या सासरच्यांना कर्जाविषयी ठाऊक नव्हते. त्यानंतर ती प्रथा आम्ही बंद केली. दोन देणगीदार नाराज झाले. त्यांतल्या एकांनी देणगी थांबविली, दुसऱ्यांनी पुढच्या वर्षी दुप्पट पाठविली. अहवाल थोडा रुक्ष दिसतो, हे मला मान्य आहे.

घेणाऱ्यालाही काही देता आले पाहिजे, हे मी त्या शेंगांपासून शिकलो. पहिल्यांदा मी त्या नाकारणार होतो. रुग्णांकडून काही घ्यायचे नाही, हा नियम योग्यच आहे आणि पैशांच्या बाबतीत तो तसाच राहिला पाहिजे. पण गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडीत आणि मगच भाकरी मागत, हे माझ्या वडिलांनी मला लहानपणी सांगितले होते. फुकटचे नको, हा आग्रह मोठ्या संताचा जसा असतो तसा बैल विकलेल्या शेतकऱ्याचाही असतो. मी शेंगा घेतल्या. तेथेच उभ्याउभ्या फोडून खाल्ल्या.

आता खोलीत काय बदल झाला, ते सांगतो. मोठे काही नाही. पूर्वी आमच्या खुर्च्या गादीच्या होत्या आणि समोरची लोखंडी घडीची; आता चारही सारख्या आहेत. आलेल्या माणसाला प्रथम पाणी दिले जाते. पहिला प्रश्न समाजसेविकाबाई विचारतात, आणि तो उत्पन्नाचा नसतो : रात्री कुठे झोपलात, जेवलात का, गावाकडे मुलांजवळ कोण आहे? बहुतेक वेळा उत्पन्नाचा हिशोब या उत्तरांतूनच आपोआप बाहेर येतो, आणि तो दाखल्यापेक्षा खरा असतो. कागद अपुरे असतील तर कोणता कागद, कोणत्या कार्यालयातून, हे लिहून दिले जाते. नकार द्यायचा असेल तर मी तो स्वतः, समोर बसवून देतो. शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवीत नाही. हे शेवटचे मला अजूनही जड जाते. चिठ्ठीची सोय किती मोठी होती, ते ती सोडल्यावर कळले.

नातेवाईक मंडळी आज आली आहेत, म्हणून २०२१ च्या एप्रिल महिन्याचीही आठवण काढतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात कोणालाच जाता येत नव्हते. फाटकाबाहेर माणसे रात्ररात्र उभी असत. डॉक्टर संध्याकाळी दूरध्वनीवर प्राणवायूचे आकडे सांगत. ते आवश्यकच होते. परंतु आमच्या एका वॉर्डबॉयने आपणहून एक क्रम सुरू केला. पाळी संपली की तो फाटकाशी येई आणि नावे घेऊन सांगे, अमक्या आजोबांनी आज अर्धा कप चहा घेतला, अमक्या काकूंनी चष्मा मागितला. आजोबांचा मुलगा तो अर्धा कप घरी चार जणांना फोन करून सांगत असे. पुढे ते आजोबा गेले. मुलगा दरवर्षी त्या तारखेला येतो आणि डॉक्टरांना भेटतो. पण आधी त्या वॉर्डबॉयला शोधतो.

हे सर्व ऐकून आपल्याला वाटेल की, आता आमच्या हातून चुका होत नाहीत. गेल्याच वर्षी एका कुटुंबाला आम्ही नाही म्हटले आणि पंधरा दिवसांनी कळले की, त्यांना हो म्हणायला हवे होते. रुग्ण तोवर दुसरीकडे गेला होता. पत्ता शोधून मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि ते यावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही मला नाही. बैलजोडीचेही तेच. एकदा मी त्या शेतकरी दांपत्याला माझ्याकडून काही रक्कम देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "आता कशाला? बैल कवाचे घेतले दुसरे." ते खरे असेल किंवा माझी सुटका करण्यासाठी म्हटले असेल. मी पुन्हा विचारले नाही.

ते दोघे अजून तपासणीला येतात. गेल्या महिन्यात आले तेव्हा मी गुडघ्याच्या दुखण्यामुळे काठी टेकत जिन्याशी उभा होतो. बाईंनी मला दुरूनच पाहिले, रांगेतली आपली जागा सोडून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गुडघ्याला काय झालं? घरी शेकायला कोण हाय का?" मी त्यांना सगळे सांगितले. किती दिवसांपासून दुखते, रात्री झोप कशी लागत नाही, मुलगा परदेशी असतो. त्यांनी एरंडाच्या पानांचा एक उपाय सांगितला. तो आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना मान्य होईल की नाही, कोण जाणे. ते पहिल्याच रांगेत बसले आहेत; कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना विचारणार आहे.